चाळीस अक्षरांची आई

रविवारी दुपारी तीन ते चार ही शैलजाबाई बिडव्यांची लेकीला पत्र लिहायची वेळ. लिहायची म्हणजे बोलायची. लातूरच्या औसा रोडवरच्या त्यांच्या वसतिगृहातल्या एकशे दहा मुली तेव्हा क्लासच्या चाचणीला गेलेल्या असत, स्वयंपाकघरात गयाबाई शेपू निवडत बसलेल्या असत, आणि रेक्टरच्या खोलीत शैलजाबाई फोन डब्याला टेकवून, घसा खाकरून, युद्धावर गेलेल्या कार्तिकीशी एकतर्फी गप्पा मारत. त्या रविवारी बोलून झालं, फोनने पत्र तपासलं आणि खाली नेहमीचा आकडा दाखवला. फरक: शून्य.

एरवी हा आकडा बारा, पंधरा, कधी वीस असायचा. शून्य बघून बाईंना बरंच वाटलं. सगळं आयुष्य परीक्षांच्या गावात गेलेलं. शून्य चुका म्हणजे पैकीच्या पैकी, असा त्यांनी अर्थ लावला आणि गयाबाईंना तसं सांगूनही टाकलं.

खरा अर्थ सोमवारी कळला. नौदलाच्या कुटुंब कक्षातून केळुसकर नावाची मुलगी दर पंधरा दिवसांनी फोन करायची. मालवणकडची, बोलायला गोड, शैलजाबाईंना काकू म्हणायची. बाईंनी तिला शून्याचं कौतुकाने सांगितलं, तर ती जरा घुटमळली.

“काकू, शून्य म्हणजे तुमच्याकडून एकही अक्षर गेलं नाही. तिकडच्या यंत्राने सगळं पत्र स्वतःच लिहिलं. तुम्ही बोललात अगदी तस्संच.”

“आणि मी बोललेच नसते तर?”

“तरी हेच पत्र कार्तिकीला मिळालं असतं.”

आता हे यंत्र काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भुताटकीसारखं वाटेल. कार्तिकी पाणबुडीवर लेफ्टनंट होती. ज्या लातूरला एकदा प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, त्या गावची पोरगी समुद्राच्या पोटात. आणि समुद्राच्या पोटात रेडिओ चालत नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं, आणि वीज वाहून नेणारी वस्तू रेडिओच्या लहरी गिळून टाकते. फक्त फार लांब लहरी, एकेक कित्येक किलोमीटरची, थोड्या खोल उतरतात. पण लहर जितकी लांब तितकी तिच्यावर अक्षरं कमी बसतात. त्या एकाच लहरीवरून सगळ्या पाणबुड्यांचे हुकूम जायचे आणि उरलेल्या वेळात घरची पत्रं. वाटणी करता करता माणशी आठवड्याला चाळीस अक्षरं वाट्याला आली. उलट दिशेने तर काहीच नाही. पाणबुडी बोलली की शत्रूला तिचा ठावठिकाणा कळतो, म्हणून ती फक्त ऐकते.

चाळीस अक्षरांत काय बोलणार कप्पाळ! मग कुणा हुशार माणसाने तोड काढली. माणूस जे बोलतो त्यातलं बरंचसं ठरलेलं असतं. आरतीला एकाने पहिला शब्द उचलला की बाकीचे पुढचं आपोआप म्हणतात, तसंच हे. शैलजाबाईंचे अकरा वर्षांचे निरोप आणि फोनवरची बोलणी वाचून त्यांचं एक प्रतिरूप बनवलं. त्याच्या दोन जुळ्या प्रती, एक घरच्या फोनमध्ये, एक पाणबुडीवर. बाई बोलू लागल्या की घरची प्रत पुढच्या वाक्याचा अंदाज बांधायची. अंदाज बरोबर आला तर काही पाठवायचं नाही, कारण तिकडची प्रतही तोच अंदाज बांधणार. चुकला तर तेवढी दुरुस्ती पाठवायची. म्हणजे जायचा तो फक्त फरक, आणि तिकडे कार्तिकीला आईच्या बोलीत, आईच्या टोमण्यांसकट, पान भरून पत्र मिळायचं. तेल लावत जा केसांना. गयाबाईच्या पोळ्या परत जाड व्हायला लागल्यात. आणि शेवटी, मी ठणठणीत आहे, माझी काळजी करू नकोस.

त्या रविवारीही बाई तेच बोलल्या होत्या. मी ठणठणीत आहे. टेबलाच्या खणात डॉक्टर हलकुड्यांचा अहवाल पडून नऊ दिवस झाले होते. स्वादुपिंडाचा कर्करोग, पसरलेला. डॉक्टरांनी सहा महिने म्हटलं होतं, आणि तेही खालच्या आवाजात.

फोन ठेवायच्या आधी बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं, की घरी कुणाचं काही बरंवाईट झालं तर? केळुसकरने नियम सांगितला. मृत्यू झाला तर कप्तानाला सरकारी खबर जाते. आजारपण घरच्यांनी पत्रातून कळवायचं. आणि मग तिने विचारलं की तुम्ही बऱ्या आहात ना.

“मला काय धाड भरलीय,” शैलजाबाई म्हणाल्या.

हे त्यांच्या तोंडून इतकं सवयीने निघालं की फोन ठेवल्यावर त्या स्वतःवरच चिडल्या. यंत्राला दोष देऊन उपयोग नव्हता. अकरा वर्षं त्यांनी लेकीला जे सांगितलं त्यावरूनच ते शिकलं होतं. ही बाई वाईट बातमी सांगत नाही, एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

आणि बाई तरी काय करणार, त्यांचा धंदाच तो. एकोणीस वर्षं रेक्टर. बारावीच्या, वैद्यकीय प्रवेशाच्या मुली. दर महिन्याला कुणा ना कुणा बापाचा फोन यायचाच. मॅडम, आजोबा गेले, पण पोरीला कळू देऊ नका, पेपर होऊ द्या. भाऊ दवाखान्यात आहे, पण सांगू नका. बाई त्या मुलीला हसून वाढायच्या, तिचा फोन काहीतरी निमित्त काढून ठेवून घ्यायच्या, आणि शेवटचा पेपर झाला की खोलीत बोलावून, आधी पाणी पाजून, सांगायच्या. लातुरात हे सगळेच करतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

कार्तिकीच्या वेळीही त्यांनी तेच केलं. नवरा गेला तेव्हा कार्तिकी चार वर्षांची होती. शैलजाबाई नोकरीला लागल्या आणि पोर दहा वर्षांची होईपर्यंत निलंग्याला तिच्या आत्याने वाढवली. कार्तिकीच्या प्रवेशपरीक्षेच्या आठवड्यात आत्या वारली. शैलजाबाई लग्नाला जाते म्हणून गेल्या, माती देऊन आल्या, शेजारणीकडे अंघोळ केली आणि घरी येऊन पोरीला वरणभात वाढला. चार दिवसांनी, पेपर झाल्यावर सांगितलं. कार्तिकी महिनाभर आईशी बोलली नाही. डॉक्टर व्हायचं तर तिने सोडलंच. पुढे पाणबुडीवर जाताना नौदलाने फॉर्म भरून घेतला, की घरची वाईट बातमी लगेच सांगायची की परत आल्यावर. तिने ‘लगेच’वर खूण केली आणि आईला फोन करून म्हणाली, “आई, या वेळी नाही हं.”

म्हणजे आता होणार होतं ते असं. दर रविवारी पोरीला ठणठणीत आईचं पत्र मिळत राहणार, आणि मग एक दिवस कप्तान तिला बाजूला बोलावून आई गेल्याचं सांगणार. आत्याचंच पुन्हा. ते होऊ द्यायचं नाही, असं बाईंनी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी धीर करून सगळं बोलून टाकलं. फोनने आकडा दाखवला, फरक: चारशे बारा. पत्र बसत नाही, थोडक्यात करू का? बाईंनी हो म्हटलं. दोन्ही प्रती जुळ्या असल्यामुळे तिकडे काय उमटणार ते इकडे आधीच वाचता यायचं. त्यांनी वाचलं. ‘पोटात जरा दुखत होतं, पण डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. पित्त असेल. तू काळजी करू नकोस.’

बाईंनी ते खोडून फक्त एवढंच म्हटलं, की मला कर्करोग झालाय. वाक्य छोटं, पण यंत्राला जे जितकं अशक्य वाटे तितकी त्याला अक्षरं जास्त लागत, त्यामुळे हेही बसेना. यंत्राने लिहिलं, ‘अगं, शेजारच्या कुलकर्णीणबाईंना कर्करोग निघाला. ऐकून जीवच गेला माझा. मी मात्र ठणठणीत आहे.’

कुलकर्णीणबाई गच्चीवर धडधाकट पापड वाळत घालत होत्या. यंत्राच्या हिशेबी कर्करोग शक्य होता, पण शैलजा बिडवेने तो स्वतःला झालाय असं लेकीला सांगणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने दुखणं उचलून शेजारणीच्या गळ्यात घातलं. मला, मलाच, मला स्वतःला, असं तीन वेळा घालून बघितलं, तर यंत्राने त्याची थट्टा करून टाकली. त्या रविवारी बाईंनी काहीच पाठवलं नाही. तरीही कार्तिकीला पत्र मिळालंच असणार, नेहमीचं.

गयाबाईंना तोवर आजार ठाऊक झाला होता. एका घरात दहा वर्षं चूल सांभाळणाऱ्या बाईपासून उलट्या लपत नाहीत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “लेकरू पान्याखाली हाय, बाई. ठरवलं तरी वर येता येईना त्याला. सांगून काय करताव?”

हेच तर शैलजाबाईंनी एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींबद्दल म्हटलं होतं. पोरगी तिकडे शत्रूच्या जहाजांचे आवाज ऐकत बसलेली, एका चुकीत सगळी बोट जायची, आणि तिच्या डोक्यात आपण हे घालायचं? दोन रात्री त्यांचं मन इकडचं तिकडे झालं. मग त्यांनी स्वतःशीच कबूल केलं, की लेकीला दिलेला शब्द वगैरे ठीक आहे, पण खरी गोष्ट निराळीच आहे. त्यांना लेक हवी होती. ती येऊ शकत नसली तरी तिला माहीत असायला हवं होतं. एकटीने हे ओढत न्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

त्यांनी केळुसकरला आपणहून फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. पलीकडून आधी नुसतं ‘काकू, काकू’ ऐकू आलं. मग ती पोरगी भानावर येऊन कामाचं बोलायला लागली. तिचं म्हणणं असं, की दोन्ही प्रती जुळ्या ठेवायच्या म्हणून त्या फक्त प्रत्यक्ष गेलेल्या दुरुस्त्यांवरून शिकतात. चाळीस अक्षरांत बसेल असं एकेक खरं दर आठवड्याला पाठवत राहिलं, तर तिकडच्या प्रतीलाही हळूहळू कळेल की ही बाई आता लपवत नाही. मग मोठं खरंही थोड्या अक्षरांत बसेल. सहाएक आठवडे लागतील.

“सहा आठवडे आहेत माझ्याकडे,” बाई म्हणाल्या.

झालं, खरं बोलायची शिकवणी सुरू झाली. पहिल्या रविवारी त्यांनी नेहमीच्या गप्पांत एकच वाक्य घातलं, या आठवड्यात मला दोनदा रडू आलं. यंत्राने लगेच पुढे जोडलं, कांदे फार तिखट आलेत यंदा. बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी ‘कांदा नव्हता’ असं घातलं, सगळी मिळून सतरा अक्षरं खर्ची पडली, आणि वाक्य तसंच्या तसं उभं राहिलं. दुसऱ्या रविवारी मोत्याचं सांगितलं. मोत्या म्हणजे कार्तिकीचा कुत्रा. शेतावर दिला म्हणून तिला सांगितलं होतं, तो खरं म्हणजे ट्रकखाली आला होता. तिसऱ्या रविवारी, तू नौदलात गेलीस ते मला आवडलं नव्हतं, पेढे लोकांसाठी वाटले. पोरगी कुठल्याशा समुद्राखाली बसून हे वाचणार, आणि तिला उलट भांडताही येणार नाही.

चौथ्या आठवड्यात अहमदपूरच्या एका बापाचा फोन आला. त्याची मुलगी समीक्षा पहिल्या तुकडीत होती. आजी अतिदक्षता विभागात आहे, नातीचं नाव घेतेय, पण रविवारची चाचणी होऊ द्या, असं त्याचं म्हणणं. बाई नेहमीप्रमाणे बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी समीक्षाला खोलीत बोलावलं आणि सांगून टाकलं. मुलगी संध्याकाळच्या बसने गेली. आजीने तिला ओळखलं की नाही कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी ती वारली. चाचणी बुडाली, समीक्षा दुसऱ्या तुकडीत गेली. चार दिवसांनी बाप येऊन तिची ट्रंक उचलून घेऊन गेला आणि जाता जाता फाटकात उभं राहून बाईंना नाही नाही ते बोलला. संस्थेच्या अध्यक्षांनी खुलासा मागवला. आपण चांगलं केलं की वाईट, हे बाईंना ठरवता येईना. पण त्या बसस्टँडवर समीक्षाला सोडायला गेल्या होत्या, तेव्हा पोरीने त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता, आणि तेवढ्या वेळात त्यांना आत्याच आठवत होती.

कारण आत्याचं एक राहिलं होतं. आत्या एका झटक्यात गेली, असं कार्तिकीला सांगितलं होतं. ती झटक्यात गेली नव्हती. दोन दिवस निलंग्याच्या दवाखान्यात शुद्धीवर होती. पोरीला एकदा आण गं, असं तिने शैलजाबाईंना फोनवर स्वतः म्हटलं होतं. पेपर होऊ द्या वन्सं, मग आणते, असं त्या म्हणाल्या होत्या. हे त्यांनी कुणालाच, गयाबाईंनाही, कधी सांगितलं नव्हतं.

पाचव्या रविवारी त्या ते बोलल्या. आत्या दोन दिवस जगली, तुला बोलवत होती, मी नेलं नाही. आकडा आला अडतीस. पहिल्या आठवड्यात हेच शंभराच्या पुढे गेलं असतं. उमटणारं पत्र त्यांनी चष्मा लावून वाचलं. यंत्राने काहीच मऊ केलं नव्हतं. पित्त नाही, कांदा नाही, शेजारीण नाही. आता लेक आयुष्यभर तोंड बघणार नाही, आणि तसंही तोंड किती दिवस राहिलंय, असा विचार करून त्यांनी पाठवलं.

पुढचा आठवडा वाईट गेला. अंगातलं बळच गेलं. केळुसकर आता रोज फोन करायची, उगाच, मालवणात मासे कुठले आलेत ते सांगायला. पाणबुडीवरून काही कळायचा प्रश्नच नव्हता. कार्तिकीने ते पत्र वाचलं असेल, चुरगाळलं असेल, कदाचित पुढची पत्रं उघडायचीच नाहीत असं ठरवलं असेल. हे सगळं बाई छताकडे बघत मनात घोळवत राहिल्या.

सहाव्या रविवारी गयाबाईंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि फोन समोर धरला. मुली चाचणीला गेल्या होत्या, सगळी इमारत रिकामी होती. बाई सावकाश बोलल्या.

“कार्तिकी, मला कर्करोग झालाय. स्वादुपिंडाचा. डॉक्टर म्हणतात दिवाळी धरा, पुढचं धरू नका. औषध चालू आहे. गयाबाई सगळं करते माझं. तू तुझं काम नीट कर.”

एवढ्यातच दम लागला. अजून काय सांगायचं ते आठवेना, म्हणून त्यांनी तिथेच थांबून ‘तपासा’ दाबलं. फरक: एकतीस. बसत होतं. उमटणारं पत्र गयाबाईंना वाचायला सांगून त्यांनी डोळे मिटले. गयाबाई एकेक अक्षर लावत वाचत गेल्या. मला कर्करोग झालाय. स्वादुपिंडाचा. सगळं जसंच्या तसं. तू तुझं काम नीट कर, इथवर आल्या आणि पुढेही वाचत राहिल्या.

“मला भीती वाटते गं माय. तू जवळ हवी होतीस.”

बाईंनी डोळे उघडले. हे मी बोलले नाही, त्या म्हणाल्या. गयाबाई म्हणाल्या, मी बी न्हाई बोलले, इथं लिवलंय. बाईंनी फोन हातात घेऊन बघितलं. खरंच होतं ते तिथे. त्या थांबल्यावर पुढे त्या काय म्हणतील याचा यंत्राने अंदाज बांधला होता, पाठवलेल्या पाच पत्रांवरून. आणि तिकडच्या प्रतीनेही तोच बांधला असता, त्यामुळे त्या दोन वाक्यांना एकही अक्षर लागणार नव्हतं.

ती काढून टाकता आली असती. काढायला सहा अक्षरं लागत होती आणि नऊ शिल्लक होती. गेल्या महिन्यापर्यंत बाईंनी क्षणभरही विचार केला नसता. पोरीला असलं काही ऐकवतं का कुणी! त्यांनी ती दोन वाक्यं पुन्हा वाचली, मग आणखी एकदा.

“बरोबर आहे हे,” त्या गयाबाईंना म्हणाल्या. “मला फार भीती वाटते.”

त्यांनी ‘पाठवा’ दाबलं. लहर संथ, त्यात रांग मोठी, पत्र जायला बावीस मिनिटं लागली. तेवढा वेळ गयाबाई त्यांचा हात धरून खाटेच्या कडेवर बसून राहिल्या, आणि पत्र गेल्याची खूण फोनवर आल्यावरही उठल्या नाहीत.